नववी फुली

ऑस्मंड स्वीनीचं भाषण सुरू झालं की नर्स अल्मिरा फेंटन चपलांतून पाय काढून घ्यायची. हा माणूस सगळी नोकरी कस्टममध्ये होता. समोरच्याची पेटी उघडून तळापर्यंत चाचपल्याशिवाय त्याला जाऊ द्यायचं नाही, ही सवय त्याच्या भाषणातही उतरली होती. कडजो हेडच्या तिठ्यावर, रमच्या दुकानापुढे, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या दोन ओळी भरल्या होत्या, आणि त्यातलेही निम्मे लोक दुकानात उकडतंय म्हणून बाहेर येऊन बसलेले. मागच्या रिकाम्या खुर्च्यांमधून कुणाच्या तरी शेळ्या फिरत होत्या.

पक्ष नवा होता, माणसं जुनी होती. नाव ठरवायलाच तीन बैठका गेल्या. जनता, प्रगती, बदल, एकजूट हे सगळे शब्द आधीच्या पक्षांनी वापरून वापरून पार झिजवले होते. शेवटी स्वीनी म्हणाला, ज्वालामुखीचा डोंगर फुटला तेव्हा निम्म्याहून जास्त बेट विलायतेला निघून गेलं, आपण राहिलो. तर राहिलेल्यांचा पक्ष म्हणू या. नाव सगळ्यांना आवडलं. विरोधकांना तर फारच आवडलं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याचा 'उरलेल्यांचा पक्ष' करून टाकला, आणि पोरंसोरंही तेच म्हणायला लागली.

उमेदवार चार. स्वीनी स्वतः, केस विंचरून देणारी जिनेल, जिच्या दुकानात सगळ्या बेटाच्या बातम्या पिकत, नर्स अल्मिरा, आणि चौथा बेनडिक्ट कर्वन, कारण चौथं कुणीतरी हवं होतं. बेनडिक्ट वाळूचा ट्रक चालवायचा. ज्या राखेनं त्याचं डोंगराखालच्या किन्सेलमधलं घर गिळलं, तीच राख वाळू म्हणून भरून धक्क्यावर नेऊन टाकायची, हा त्याचा धंदा. बायको दोन मुलींना घेऊन बर्मिंगहॅमला गेली ती गेलीच. बेनडिक्ट डोंगर शांत होईपर्यंत म्हणून सरकारनं दिलेल्या लाकडी खोलीत राहायला गेला आणि अजून तिथंच होता. बोलायचा इतकं कमी की पक्षाच्या पहिल्या बैठकीत तो आला होता की नाही यावर नंतर वाद झाला.

"चारच फुल्या मारा," स्वीनी सांगत होता. "आमच्या चौघांना चार. बाकीच्या पाच घरी घेऊन जा."

खुर्च्यांत चुळबुळ झाली. आमच्याकडे अख्खं बेट म्हणजे एकच मतदारसंघ. जागा नऊ, म्हणून प्रत्येकाच्या हातात नऊ फुल्या; ज्या नऊ जणांना सगळ्यांत जास्त फुल्या पडतील ते सभागृहात. स्वीनीचं गणित बरोबर होतं. पाचवी फुली दुसऱ्या कुणाला दिली की ती त्याला उचलून आपल्या डोक्यावर बसवते. पण हे गणित ऐकून पुढच्या ओळीतली मिस दुलसिना वीक्स उभी राहिली आणि तिनं विचारलं की सरकारनं नऊ दिल्या असताना पाच टाकून द्यायच्या म्हणजे काय. ताटात वाढलेलं टाकतं का कुणी? सगळ्यांनी माना डोलावल्या. स्वीनीनं पुन्हा पहिल्यापासून समजावलं, आणि लोकांनी पुन्हा पहिल्यापासून ऐकून घेतलं, कारण शेवटी गोट वॉटर, म्हणजे बोकडाचा झणझणीत रस्सा, होतं आणि पातेल्याचा वास येऊ लागला होता.

खरी गोम वेगळी होती. या बेटावर दारात आलेल्याला नाही म्हणत नाहीत. उमेदवार आला, ओसरीवर बसला, आल्याचं सरबत प्याला, की घरातली बाई त्याला सांगणार, "तुझ्यासाठी एक ठेवलीय हो." ती खोटं बोलत नसते. तेवढ्यापुरती तिनं खरंच ठेवलेली असते. मग संध्याकाळी चुलत भाऊ येतो, दुसऱ्या दिवशी चर्चमधला सोबती येतो, आणि निवडणूक येईपर्यंत तिच्या नऊ फुल्या वीस जणांना देऊन झालेल्या असतात.

अल्मिरा हे सगळं ओळखून होती. तरी ती उभी राहिली, आणि त्याचं कारण तिनं पक्षात कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा मुलगा केल्विन विलायतेत, लेस्टरला होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी तेच. मम्मी, खोली तयार आहे. मम्मी, गुडघा दाखवायला हवा. मम्मी, तिथं तू एकटी करतेस काय? शेवटचा प्रश्न तिला बोचायचा. नोकरीत होती तोवर बेटावरच्या प्रत्येक घरात तिला काम होतं. निवृत्त झाल्यावर लोक तिला हात करत, आदरानं गाडी थांबवून बसवून घेत, पण काम कुणी सांगत नसे. म्हणून एका रविवारी ती चिडून म्हणाली की मी निवडणुकीला उभी आहे. वरच्या वस्तीतल्या दवाखान्यात रात्री नर्स नसते, तेवढं एक करून घेईन आणि मग मरायला मोकळी.  केल्विन म्हणाला, "ठीक आहे. निवडून आलीस तर मी विषय काढणार नाही. नाही आलीस तर तू येशील. शब्द दे." तिनं दिला. तिला लेस्टरला जायचं नव्हतं. एकदा ती जाऊन आली होती. तिथं दिवसभर दारं बंद असत आणि फुटपाथवरून जाताना कुणी 'गुड मॉर्निंग' म्हणत नसे. नातवंडं गोड होती, पण आजीचं बोलणं त्यांना दोनदा ऐकावं लागे. तिला आपल्या या अर्ध्या उरलेल्या बेटावरच मरायचं होतं. शब्द दिला तो निवडून येण्याच्या खात्रीवर.

खात्री असायला काही हरकत नव्हती. बेटाच्या वरच्या टोकाच्या सेंट जॉन्सपासून खालच्या सेलमपर्यंत असं घर नव्हतं जिथं तिनं बाळ हातात घेतलं नव्हतं किंवा म्हाताऱ्याचे डोळे मिटले नव्हते. फिरताना जिथं जाईल तिथं लोक म्हणत, "नर्स, तुम्हाला सांगावं लागतं का? तुम्ही कशाला पाय दुखवून घेता?" पाय दुखत होतेच. ती बसायची, पाल्याचा चहा घ्यायची, कुणाचं रक्तदाबाचं मशीन बिघडलंय ते बघायची आणि उठायची. स्वतःसाठी फुली मागणं तिच्या जिभेवर यायचंच नाही. बाळंतपण करून झाल्यावर दारात हात पसरून उभं राहण्यासारखं वाटायचं ते.

बेनडिक्टची गोष्ट उलटी होती. तो तिच्याबरोबर फिरायचा, म्हणजे ट्रक चालवायचा, आणि ओसरीच्या पायरीशी टोपी हातात घेऊन उभा राहायचा. त्याला कुणी बस म्हटलं तर बसायचा, नाही म्हटलं तर नाही. त्याला कुणी फुलीचं वचनसुद्धा दिलं नाही, आणि या बेटावर ते जरा लाजिरवाणंच होतं. इथं वेड्या पॅट्रिकलाही लोक वचन देतात.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात मिस दुलसिना अल्मिराच्या ओट्यावर वाटाणे सोलायला बसली होती. दोघी एका वर्गातल्या, एका चर्चच्या, डोंगराच्या धावपळीत एकाच शाळेच्या फरशीवर झोपलेल्या. दुलसिना म्हणाली की बाकीच्यांचं काही का होईना, त्या बेनडिक्टचं वाईट वाटतं. रेडिओवर सगळ्यांचे आकडे वाचतात. हल्ली विलायतेतही आपला रेडिओ ऐकतात लोक. त्याची बायको, पोरी, सगळ्या बर्मिंगहॅमात बसून ऐकणार की बेनडिक्ट कर्वन, अकरा मतं.

अल्मिराच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला ते चित्र दिसलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं प्रत्येक ओट्यावर एकच गोष्ट सांगितली. बेनडिक्टला एक द्या. तो बोलत नाही म्हणून वाईट नाही. त्याची शोभा होऊ देऊ नका. लोक म्हणत, नर्स, नऊच्या नऊ संपल्या हो. त्यावर ती म्हणायची, "माझं सोडा, माझं काय, पण त्याला तेवढी एक द्याच." आमच्याकडे असंच म्हणतात. पाहुणा दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणतो ना, नको नको, पोरांना द्या, तसं. तिच्या बोलण्याचा शब्दशः अर्थ कुणी घेईल असं तिला स्वप्नातही वाटलं नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेतल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे तिनं पहिली फुली स्वतःच्या नावापुढे मारली.  दुसरी, तिसरी, चौथी पक्षाला. मग पेन्सिल हातात धरून ती क्षणभर थांबली. स्वीनीनं घसा कोरडा करून सांगितलं होतं, पाच कोऱ्या. ती कोऱ्या ठेवून बाहेर आली आणि तिला चोरी केल्यासारखं वाटत राहिलं. घरी जाऊन तिनं गुडघ्याला तेल चोळलं. मोजणी पहाटेपर्यंत चालते. स्वीनीनं सगळ्यांना दुकानात रेडिओपाशी बोलावलं होतं. ती गेली नाही. तिला झोप हवी होती, आणि ती लागलीही.

सकाळी तिनं रेडिओ लावला तेव्हा निवेदक यादी पुन्हा वाचत होता, आवाज बसलेला. सत्ता नेहमीच्या मोठ्या पक्षाची, पाच जागा. दुसऱ्या मोठ्या पक्षाला तीन. नवव्या जागेवर, राहिलेल्यांच्या पक्षाचे, बेनडिक्ट कर्वन. त्यांच्यानंतर, दहाव्या क्रमांकावर, नर्स अल्मिरा फेंटन. फरक चर्चच्या एका बाकड्यावर बसतील इतक्या माणसांचा.

ती चहाचं आधण ठेवायला गेली आणि रिकामं पातेलं चुलीवर ठेवून आली.

नऊ वाजल्यापासून लोक येऊ लागले. हातात काहीतरी घेऊन. मयताच्या घरी येतात तसे. कसावाची भाकरी, खारा मासा, ब्रेडफ्रूट भाजून फडक्यात गुंडाळलेलं. प्रत्येक जण तेच सांगत होता, फक्त वेगवेगळ्या तोंडांनी. नर्स, तुमची तर पक्कीच होती. नर्स, आम्ही म्हटलं सगळे तुम्हाला देणारच, एक आमची कमी पडली तर काय बिघडतं. नर्स, तुम्हीच म्हणालात ना बेनडिक्टची शोभा होऊ देऊ नका. टपालवाल्याची बायको तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली की तिच्या घरातल्या चौघांनीही न ठरवता तेच केलं, आणि सकाळी एकमेकांना कळल्यावर कुणी नाश्ता केला नाही. अल्मिरा प्रत्येकाला बसा म्हणाली. प्रत्येकाचं समाधान तिनंच केलं. होतं असं, वाईट वाटून घेऊ नका. दुपारपर्यंत तिच्या टेबलावर जागा उरली नाही, आणि तिला इतका थकवा आला होता की बोलताना ओठ हलवणंही नकोसं झालं.

दुलसिना सगळ्यांत शेवटी आली. रिकाम्या हातानं आली आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली. अल्मिरा तिच्या मागे दारात उभी राहिली.

"माझी फुली कुठं गेली, दुलसिना?"

नळ बंद झाला. "बेनडिक्टला दिली. तूच सांगितलंस."

"त्याला एक दे म्हटलं. माझी काढून दे असं म्हटलं होतं?"

"मग कुणाची काढू? पुतण्याची काढली तर तो नाताळला घरी येणार नाही. पास्टरच्या जावयाची काढली तर पास्टर चर्चमध्ये बघणार नाही माझ्याकडे. सगळे रुसतात गं. तू रुसत नाहीस."

"आता रुसलेय."

दुलसिनानं वळून पाहिलं, ओल्या हातानं तिचा गाल थोपटला आणि हसली. "बस, नर्स. चहा करते तुला."

अल्मिराला राग आला होता. खरा. डोंगराचा आला नव्हता, सरकारचा आला नव्हता, इतका. जो रुसेल त्याला सांभाळायचं आणि जो सगळ्यांना सांभाळतो त्याला गृहीत धरायचं, हे सगळं बेट मिळून वर्षानुवर्षं तिच्याशी करत आलं होतं आणि तिनं ते प्रेम म्हणून घेतलं होतं. ते प्रेम होतंही, तीच तर पंचाईत. ती खुर्चीत बसली. चहा आला, तिनं तो प्यायला, आणि दुलसिना पुतण्याच्या गाडीबद्दल काहीतरी सांगत राहिली.

रविवारची वाट न बघता केल्विनचा फोन आला. त्यानंही रेडिओ ऐकला होता. तो जिंकल्यासारखं बोलला नाही, हे तिला बरं वाटलं. हळूच म्हणाला, मम्मी, तिकिटाचं बघू? ती म्हणाली, दोन दिवस थांब.

दोन दिवस तिनं का मागितले ते तिलाही नीट माहीत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता बेनडिक्टचा ट्रक दारात थांबला. त्यानं ट्रक धुतला होता. तो ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला, टोपी हातात. तिनं बस म्हटल्यावर बसला.

"नर्स, ही तुमची जागा आहे."

"असं कोण म्हणतं?"

"मिस्टर स्वीनी. सगळेच. मीपण म्हणतो." मग त्यानं, पाठ करून आल्यासारखं, सगळं सांगितलं. तो शपथ न घेता राजीनामा देणार. मग पोटनिवडणूक लागणार. एकच जागा, एकच फुली, आणि सगळं बेट तोंड लपवत फिरतंय. दुसऱ्या कुणाला मत द्यायची कुणाची छाती होणार नाही. मोठे पक्षही तिच्यासमोर माणूस उभा करायला कचरतील. स्वीनीनं सगळं बघून ठेवलं होतं.

 अल्मिराच्या मनात आलं, घे. एवढं सरळ कधी काही पदरात पडलं नव्हतं. उपकार नव्हते की भीक नव्हती. हे तिचं होतं, चुकून दुसऱ्याच्या घरी टाकलेल्या टपालासारखं. केल्विनला सांगता येईल, थांब अजून, संपलेलं नाही. हे घर, हा ओटा, दुलसिनाचे वाटाणे, सगळं जागच्या जागी राहील. तिला ते इतकं हवंसं वाटलं की तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. मग आयुष्यभराच्या सवयीनं तिनं समोरच्या माणसाकडे नीट बघितलं. दाढी गुळगुळीत केलेली. शर्ट नवा, घड्या अजून मोडलेल्या नाहीत.

"तुला हवीय का ही जागा, बेनडिक्ट?"

"मला कुठं बोलता येतं?"

"ते नाही विचारलं."

तो टोपी गोल गोल फिरवत राहिला. रस्त्यावरून एक गाडी गेली, चालकानं हॉर्न वाजवून दोघांना हात केला, दोघांनी हात केला.

"धाकटीचा फोन आला होता," तो म्हणाला. "शेरीनचा. काल."

"तुझ्या?"

"हो. गेली तेव्हा एवढीशी होती. आता तिला स्वतःची दोन पोरं आहेत म्हणे. तिच्या कामावर कुणीतरी आपल्याकडची बाई आहे, तिनं ऐकलं रेडिओवर. नंबर शोधून केला. म्हणाली, डॅडी, ते नाव वाचलं तो तूच का?" त्यानं टोपीची कड सरळ केली. "मी म्हटलं, हो, मीच. तर म्हणाली, पोरांना सांगते."

"मग?"

"मग काही नाही. रविवारी परत करते म्हणाली." त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "राजीनामा मी देतो, नर्स. ते नक्की. फक्त रविवारी तिला काय सांगू ते सुचत नाहीये. तुम्ही सांगाल ते सांगेन."

अल्मिराला वाटलं, हे यानं सांगायला नको होतं. सांगितलं नसतं तर ती घेणार होती. ती स्वतःशी खोटं बोलणारी बाई नव्हती. ती घेणारच होती. एवढ्या सगळ्यांनी तिचं काढून याला दिलं, आता तिनं याचं काढून घ्यायचं, आणि हा माणूस तोंडातून चकार शब्द न काढता देणार. हाही रुसणाऱ्यांतला नव्हता. या दोन दिवसांत तिला पहिल्यांदाच रडू आलं, आणि ते तिनं खोकून घालवलं.

"राजीनामा द्यायचा नाही," ती म्हणाली.

"पण नर्स—"

"ऐक. रविवारी तिला सांग, शपथ कधी आहे ते. सभागृहात पहिलं तोंड उघडशील तेव्हा वरच्या दवाखान्यातल्या रात्रीच्या नर्सबद्दल बोल. दोन वाक्यं पुरेत. मग त्या लाकडी खोल्यांबद्दल. तू तिथं राहतोस, तुला कुणी खोटं पाडणार नाही. स्वीनी लांबलचक लिहून देईल, ते वाचू नकोस. आणि मी कुठं बसलेय ते मागे वळून शोधू नकोस. मी नसेन तिथं."

"तुम्ही कुठं जाताय?"

"लेस्टरला. केल्विनकडे. कायमची."

बेनडिक्टनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर हसू आलं, लाजरं, समजूतदार. थकलेला माणूस काही बोलला तर आपण हसतो तसं. "तुम्ही कुठं जाणार, नर्स," तो म्हणाला. "तुम्ही असालच."

तिनं केल्विनला त्याच संध्याकाळी कळवलं. तिकीट मिळालं ते नेमकं शपथविधीच्या सकाळचं.

पुढचे दिवस तिनं लोकांना सांगण्यात घालवले, आणि ते प्रचारापेक्षा जड गेलं. चर्चमध्ये उभं राहून सांगितलं; पास्टर म्हणाला, जाऊन या, थंडीचे कपडे न्या. जिनेलनं केस विंचरताना विचारलं की नाताळच्या आधी परत येणार ना, कारण मिरवणुकीतल्या पोरींच्या झग्यांचं बघायला हवं. स्वीनी म्हणाला, उत्तम, हवापालट होईल, पुढच्या निवडणुकीची तयारी आल्यावर करू. तिनं घरातली भांडी वाटली. ज्यांनी नेली त्यांनी सांगितलं की जपून ठेवतो, आल्यावर घेऊन जा. मोठं पातेलं दुलसिनाला दिलं. ते डोक्यावर घेऊन ती फाटकापाशी थांबली आणि म्हणाली, "हे मला जड होतं हं, नर्स. लवकर ये." अल्मिरानं तिला पुन्हा एकदा, प्रत्येक शब्द सुटा करून सांगितलं की मी परत येणार नाही. दुलसिना म्हणाली, "बरं बाई," आणि गेली.

निघायच्या दिवशी सकाळपासून गाड्यांचे हॉर्न वाजत होते. सगळं बेट शपथविधीला निघालं होतं. नेहमी विमानतळावर एक माणूस निघाला की पोचवायला वीस येतात, मुके घेतात, डबे देतात, रडतात. अल्मिराला पोचवायला टॅक्सीवाला तेवढा होता, आणि त्यालाही घाई होती, कारण परतीच्या वाटेवर त्याला तिघांना सभागृहाकडे सोडायचं होतं. त्यानं बॅग उतरवली, पैसे घेतले नाहीत, "लवकर या, नर्स," म्हणाला आणि गाडी वळवली. गाडीतल्या रेडिओवर बँडची सलामी चालली होती.

आतल्या छोट्या खोलीत काउंटरमागे डोरीन एकटीच होती. पन्नाशीची बाई, गळ्यात चष्मा, तिचाही रेडिओ हळू आवाजात चालू. तिनं अल्मिराला बघून तोंडभर हसून सांगितलं की बसा, विमान शेजारच्या अँटिग्वा बेटावरून निघालंय, आज वारा बरा आहे. वजनाच्या काट्यावर आधी बॅग ठेवली, मग, इथल्या रिवाजाप्रमाणे, नर्सला उभं केलं. विमान एवढंसं, वजन बघूनच जागा द्यावी लागते. तिनं ते टिपून घेतलं. मग तिकीट हातात घेतलं, चष्मा लावला आणि उलटून पाहिलं.

"यात परतीची तारीख राहिलीय, नर्स. केल्विन विसरला वाटतं. थांबा, मी करते फोन अँटिग्वाला."

तिनं फोन उचललाही. अल्मिरानं काउंटरवरून हात लांब करून तो खाली ठेवला. आता तिच्यात सुटे सुटे शब्द करून सांगायची ताकद उरली नव्हती. रेडिओवर कुणीतरी नाव पुकारलं, मग जरा वेळ नुसती खरखर, आणि मग बेनडिक्टचा आवाज आला. पडलेला, घोगरा, पण आला. मी, बेनडिक्ट आयझॅक कर्वन.

"विसरला नाही," अल्मिरा म्हणाली. "परतीचं नाहीच आहे."

डोरीननं तिकिटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिचं हसू तोंडावर जरा वेळ तसंच राहिलं आणि मग गेलं.  उठून, काउंटरला वळसा घालून ती बाहेर आली, काट्यावरची बॅग तिनं उचलली आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिली. बाहेर विमान उतरल्याचा आवाज आला. अल्मिरानं बॅगेसाठी हात पुढे केला, पण डोरीन काही ती सोडेना.